रक्ताची मुळाक्षरे

महाविद्यालयात रक्तदान शिबिर होऊन गेले की पुढले आठ-दहा दिवस मुलामुलींच्या खिशात एक छोटे कार्ड दिसते. त्यावर नाव, वय आणि खाली ठळक अक्षरात ए, बी, ओ किंवा एबी. शेजारी अधिक अथवा उणे अशी एक खूण. दोन मित्रांचा गट एकच निघाला तर त्यांना उगाचच आनंद होतो. पण ही अक्षरे रक्ताला कोणी दिली, कशी दिली, असे मला आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेले नाही. ही तक्रार नव्हे. त्या वयात मीही कोणाला विचारले नव्हते. तो प्रश्न माझ्यापुढे आला तो घरावर आलेल्या एका संकटाच्या दिवशी.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. आबांच्या पोटातील जुना व्रण फुटून रक्तस्राव झाला आणि त्यांना गावाहून शहरातील रुग्णालयात आणले. मी धावत पोहोचलो तेव्हा थोरले चुलते सदऱ्याची बाही वर सारून बसलेलेच होते. सख्ख्या भावाचे रक्त भावाला चालणार नाही तर कोणाचे, असा त्यांचा साधा हिशेब. आम्हा तिघा भावांचाही तोच. तपासणी झाली. आबांचा गट ओ, चुलत्यांचा ए आणि आम्हा तिघांचा बी. चौघांपैकी एकाचेही रक्त आबांना चालणार नव्हते, आणि पेढीत त्या दिवशी ओ गटाची पिशवी शिल्लक नव्हती.

पोटच्या पोरांचे रक्त बापाला चालत नाही हे ऐकून आबांनी भिंतीकडे तोंड फिरवले. चुलते काही बोलले नाहीत, पण त्यांनी आईकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी अजून विसरलेलो नाही. तीन मुले, आणि तिघांपैकी एकाचाही गट बापाचा नाही! आई पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभी होती. तिला गट म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्या नजरेचा अर्थ मात्र पुरता ठाऊक होता.

त्या दिवशी आबांना रक्त मिळाले ते वसतिगृहातील माझ्या शेजाऱ्याचे. तो रामदुर्गकडचा, कन्नड विभागातला. आम्हा दोघांचे संभाषण निम्मे मराठी, निम्मे कन्नड आणि उरलेले हातवारे असे चाले. त्याने रक्त दिले, चहा घेतला आणि दुपारच्या चाचणी परीक्षेला निघून गेला. पण आईवरची ती नजर कशी दूर झाली हे सांगण्याआधी मला कार्ल लँडस्टायनर या माणसाची हकीकत सांगितली पाहिजे. ती नजर खाली वळवली ती खरे तर त्यांनीच.

प्रथम काही मुळाक्षरे. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या नळ्या त्या रोहिणी, आणि शरीराकडून हृदयाकडे परत आणणाऱ्या त्या नीला, म्हणजेच शिरा. दोहोंना जोडणारे केसाहून बारीक जाळे ते केशवाहिन्यांचे. तपासणीसाठी कोपराच्या आतल्या बाजूला सुई टोचतात ती नीलेत. कारण नीला कातडीच्या लगत असते, तिची भिंत पातळ असते आणि तिच्यातील दाबही कमी असतो. दंडाला पट्टा आवळला की रक्त परतायचे थांबते, नीला फुगते आणि बोटाला लागते. काढलेले रक्त नळीत तसेच ठेवले तर ते गोठते आणि गुठळीच्या वर गवती रंगाचे पाणी सुटते. हे रक्तजल, डॉक्टर त्याला सीरम म्हणतात. गोठू न देता रक्त स्थिर ठेवले तर पेशी तळाला बसतात आणि वर उरतो तो रक्तद्रव. पेशी तीन प्रकारच्या: प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या, रोगांशी झुंजणाऱ्या पांढऱ्या, आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म रक्तबिंबिका. एवढे ध्यानात ठेवले की लँडस्टायनरांच्या कामाचे मर्म समजते.

विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हापासून एकाचे रक्त दुसऱ्याला देता येईल का, हा विचार वैद्यांच्या मनात घोळू लागला होता. १६६७ साली पॅरिसमध्ये झाँ-बाप्तिस्त देनी यांनी कोकराचे रक्त एका आजारी मुलाला दिले. तो वाचला, पण पुढे त्यांचा एक रुग्ण दगावला, प्रकरण न्यायालयात गेले आणि तो उपचारच निषिद्ध ठरला. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १८१८ मध्ये, लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी माणसाला माणसाचेच रक्त देण्यास आरंभ केला. बाळंतपणात रक्तस्रावाने डोळ्यांदेखत मरणाऱ्या स्त्रिया त्यांना पाहवत नव्हत्या. त्यांचे काही रुग्ण वाचले, काही मेले. एक वाचतो आणि दुसरा त्याच उपचाराने थंडी भरून, लाल लघवी होऊन मरतो, असे का व्हावे, याचे उत्तर एकोणिसावे शतक संपेपर्यंत कोणाला सापडले नव्हते. रक्त देणे हा एक जुगार होता आणि डावावर रुग्णाचा प्राण होता.

हे उत्तर ज्यांनी शोधले त्या कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी व्हिएन्नाच्या परिसरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील लिओपोल्ड हे नामवंत पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचा असताना ते वारले आणि मुलाला आई फॅनी यांनी एकटीने वाढवले. या मायलेकरांचे नाते विलक्षण होते. आई गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा मृत्युपश्चात घेतलेला साचा लँडस्टायनर यांनी आपल्या खोलीत भिंतीवर लावला आणि आयुष्यभर जपला. विवाहही त्यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी केला.

१८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. पण दवाखाना थाटून रुग्ण तपासावेत ही त्यांची वृत्ती नव्हती. शरीरात जे घडते ते अखेर रसायनांचे काम आहे अशी त्यांची धारणा होती, आणि म्हणून पदवीनंतर त्यांनी झुरिक, वुर्झबुर्ग आणि म्युनिक येथील प्रयोगशाळांत जाऊन रसायनशास्त्राचा अभ्यास केला. वुर्झबुर्गला त्यांचे गुरू होते एमिल फिशर, ज्यांना पुढे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. डॉक्टर होऊनही पुन्हा विद्यार्थी होण्याची ही तयारी त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

व्हिएन्नाला परतल्यावर त्यांना काम मिळाले ते प्रथम आरोग्यशास्त्राच्या संस्थेत आणि नंतर विकृतिशास्त्राच्या विभागात. या दुसऱ्या ठिकाणी प्राध्यापक वाइखसेलबाउम यांच्या हाताखाली दहा वर्षे त्यांचे नेमून दिलेले काम होते शवविच्छेदनाचे. या काळात त्यांनी ३६३९ शवविच्छेदने केली. म्हणजे रविवार धरूनही दिवसाला सरासरी एक! हे काम आटोपल्यावर जो वेळ उरे तो त्यांचा स्वतःचा. रक्तगटांचा शोध या उरलेल्या वेळेतला आहे. वेळ मिळत नाही म्हणून अभ्यास होत नाही, असे आम्ही प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघेही म्हणतो, तेव्हा हा आकडा मला आठवतो.

एका माणसाचे रक्तजल दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळले तर कधीकधी त्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, हे लँडस्टायनर यांच्या ध्यानात आले होते. इथे एक भेद जाणून घ्यावा. रक्त गोठणे वेगळे आणि पेशींचे असे पुंजके होणे वेगळे. गोठणे हा जखम बुजवण्याचा निसर्गाचा उपाय. पुंजके होणे ही दोन रक्तांमधील तक्रार. १९०० साली एका निबंधाच्या तळटीपेत त्यांनी या गोष्टीचा प्रथम उल्लेख केला. इतरांनाही असे पुंजके दिसले होते, परंतु त्यांचा समज असा की हे कसल्यातरी रोगाचे लक्षण असावे. लँडस्टायनर यांना वाटले, निरोगी माणसांचेच रक्त तपासून पाहू.

त्यांनी केलेला प्रयोग इतका साधा आहे की आपल्या प्रयोगशाळेतही तो सहज करता यावा. त्यांनी स्वतःचे आणि पाच सहकाऱ्यांचे रक्त घेतले. प्रत्येकाच्या रक्तातून रक्तजल आणि तांबड्या पेशी वेगळ्या केल्या. मग प्रत्येकाचे रक्तजल प्रत्येकाच्या पेशींशी मिसळले आणि निकाल एका तक्त्यात मांडला: पुंजके झाले तर अधिक, न झाले तर उणे. सहा ओळी, सहा रकाने, छत्तीस घरे. स्वतःचे रक्तजल स्वतःच्या पेशींना कधीच त्रास देत नव्हते. परक्या पेशींच्या बाबतीत मात्र अधिक-उण्याची काहीतरी शिस्त दिसत होती. त्या शिस्तीवरून सहा जणांचे तीन गट पडले, प्रत्येकात दोन. पहिल्याला त्यांनी ए म्हटले, दुसऱ्याला बी आणि तिसऱ्याला सी. या सीचेच पुढे ओ झाले. लँडस्टायनर स्वतः या तिसऱ्या गटातले, म्हणजे माझ्या आबांच्या गटाचे.

त्या तक्त्याचा अर्थ आजच्या भाषेत असा. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. कोणाच्या पेशींवर ए ही खूण असते, कोणाच्या बी, कोणाच्या दोन्ही, तर ओ गटाच्या पेशींवर या दोहोंपैकी एकही नसते. आणि जी खूण आपल्या पेशींवर नाही तिच्याविरुद्धचे प्रतिपिंड आपल्या रक्तजलात तयार असतात. ए गटाच्या माणसाजवळ बीविरुद्धचे, बीजवळ एविरुद्धचे आणि ओजवळ दोहोंविरुद्धचे. म्हणून ओ गटाच्या पेशी कोणाच्याही प्रतिपिंडांना डिवचत नाहीत, परंतु ओ गटाचा माणूस मात्र ए किंवा बीच्या पेशी सहन करू शकत नाही. आबांच्या बाबतीत हेच घडले होते. आम्हा मुलांचे रक्त त्यांना दिले असते तर त्यांच्या प्रतिपिंडांनी आमच्या पेशी फोडून टाकल्या असत्या. आमच्या प्रेमाने त्यांचा जीव घेतला असता.

हा निबंध १९०१ साली व्हिएन्नाच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. जेमतेम काही पानांचा. रक्त देताना रुग्ण कधी वाचतात आणि कधी मरतात याचा उलगडा या निरीक्षणांवरून होईल, असे त्यांनी त्यात एका वाक्यात सुचवले होते. पुढच्याच वर्षी डेकास्टेलो आणि श्टुर्ली या दोघांना या तिन्ही गटांत न बसणारी काही माणसे आढळली; तोच चौथा गट एबी. श्टुर्ली हे मूळच्या त्या सहा जणांपैकीच एक. एबी गट विरळा असल्याने सहा जणांत तो सापडला नव्हता, इतकेच.

एवढा मोठा शोध! पण पुढली कित्येक वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. त्यालाही कारण होते. बाहेर काढलेले रक्त काही मिनिटांत गोठते. म्हणून त्या काळी शल्यविशारद दात्याची रोहिणी थेट रुग्णाच्या नीलेला टाके घालून जोडत. हा खटाटोप क्वचितच होई आणि ज्याला त्याला जमणारा नव्हता. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या र्‍यूबेन ओटेनबर्ग यांनी रक्त देण्यापूर्वी दोघांचे रक्त मिसळून पाहण्याची पद्धत सुरू केली. १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेटमुळे रक्त गोठत नाही हे उपयोगात आले, आणि पहिल्या महायुद्धाच्या रणांगणावर जखमी सैनिकांसाठी रक्त साठवून ठेवता येऊ लागले. तेव्हा कुठे त्या छत्तीस घरांच्या तक्त्याचे मोल जगाला कळले.

लँडस्टायनर मात्र कौतुकाची वाट पाहत बसले नव्हते. वाळलेल्या रक्ताच्या डागावरूनही गट ओळखता येईल हे त्यांनी व्हिएन्नातच मांडले. गुन्ह्यांच्या तपासाला त्याचा मोठा उपयोग झाला. १९०८ मध्ये पोलिओने दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश माकडांना टोचून तो रोग त्यांच्यात निर्माण करून दाखवला, आणि एर्विन पॉपर यांच्यासह त्यांनी असे प्रतिपादन केले की पोलिओचे कारण जिवाणू नसून त्याहून सूक्ष्म असे विषाणू आहेत. पोलिओच्या लसीकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे पहिले पाऊल. एवढे करूनही १९११ मध्ये विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले ते बिनपगारी.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाची दैना झाली. व्हिएन्नात अन्न नव्हते, जळण नव्हते, प्रयोगशाळेला पैसा नव्हता. पदरी लहान मुलगा होता. १९१९ मध्ये पन्नाशी ओलांडलेले लँडस्टायनर घरदार सोडून हॉलंडमधील हेग येथे गेले. तेथील एका लहानशा रुग्णालयात रोजच्या रोज रक्त-लघवीच्या तपासण्या करण्याची नोकरी त्यांनी पत्करली. जगातील रक्ततपासणीचा पाया घालणारा माणूस पोटासाठी तपासनीस झाला. तिथेही त्यांनी संशोधन सोडले नाही. अखेर १९२२-२३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावले आणि उरलेले आयुष्य त्यांनी तिथे काढले. १९२७ साली फिलिप लेव्हिन यांच्यासह त्यांनी रक्तातील एम, एन आणि पी या आणखी खुणा शोधल्या.

१९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, मूळ निबंधानंतर एकोणतीस वर्षांनी. त्यांना स्वतःला रक्तगटांपेक्षा प्रतिजन आणि प्रतिपिंड यांच्या रसायनशास्त्रावरील आपले काम अधिक मोलाचे वाटे. स्वभावाने ते अबोल, गंभीर आणि प्रसिद्धीपासून दूर पळणारे. पियानो मात्र उत्तम वाजवीत.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग मला नेहमी अस्वस्थ करतो. तरुणपणीच त्यांनी ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १९३७ मध्ये अमेरिकेतील नामवंत ज्यूंच्या एका चरित्रकोशात त्यांचे नाव छापले गेले, तेव्हा त्यांनी प्रकाशकाविरुद्ध न्यायालयात दावा लावला. आपल्या जन्माची गोष्ट अशी उघड केल्याने आपल्याला आणि आपल्या मुलाला त्रास होईल, असे त्यांचे म्हणणे होते. दावा ते हरले. काहींनी तेव्हा त्यांना दोष दिला, आजही देतात. मला दोष देववत नाही. युरोपात तेव्हा काय चालले होते ते आठवावे. रक्तावरून वंश ठरवण्याचे खूळ जर्मनीत माजले होते, आणि त्यासाठी काही विद्वान लँडस्टायनर यांच्याच रक्तगटांचा आधार शोधत होते.

वास्तविक रक्तगटांनी याच्या अगदी उलट साक्ष दिली होती. महायुद्धाच्या अखेरीस सॅलोनिका येथील छावणीत लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने नाना देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत आपले भारतीय सैनिकही होते. गटांचे प्रमाण देशोदेशी वेगळे निघाले. भारतीयांत बी गट अधिक आढळला. परंतु तेच गट सर्वत्र होते. एका गावातील दोन सख्ख्या भावांचे रक्त परस्परांना चालणार नाही आणि हजार कोसांवरच्या अनोळखी माणसाचे चालेल, हे त्या आकड्यांतून उघड दिसत होते. ज्या माणसाने हे सत्य जगापुढे आणले त्यालाच आपले कूळ लपवावेसे वाटावे, यापरता दैवदुर्विलास तो कोणता?

१९३९ मध्ये ते निवृत्त झाले, पण केवळ कागदोपत्री. १९४० मध्ये वयाच्या बहात्तराव्या वर्षी अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी र्‍हीसस घटकाचा शोध जाहीर केला. आपल्या कार्डावरची अधिक-उण्याची खूण ती हीच. उणे खुणेच्या मातेच्या पोटात अधिक खुणेचे बाळ असले तर मातेच्या रक्तात प्रतिपिंड तयार होऊ शकतात आणि पुढच्या बाळाला ते घातक ठरतात. एकामागून एक मुले दगावणाऱ्या कितीतरी स्त्रियांना पांढऱ्या पायाची म्हणून हिणवले गेले असेल! १९६० च्या दशकाच्या अखेरीस यावर प्रतिबंधक इंजेक्शन निघाले. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करीत असताना लँडस्टायनर यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि दोन दिवसांनी ते गेले. पंचाहत्तर वर्षांचे होते.

त्यांच्यानंतर नऊ वर्षांनी या कथेत आपल्या मुलखाने एक पान जोडले. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की ते साध्या तपासणीत ओ दिसे, पण ओ गटाचे रक्तही त्याला चालेना. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो एच नावाचा पायाच या पेशींवर नव्हता. जगभर हा गट आज बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. अशा माणसाला केवळ अशाच माणसाचे रक्त चालते, आणि तो जगात इतरत्र अतिशय दुर्मीळ आहे. लँडस्टायनर यांची बाराखडी पुरी झाली असे कोणी समजू नये, हा त्यातला धडा.

आता त्या दिवसाकडे वळतो. रक्तपेढीतील डॉक्टरांनी चुलत्यांची नजर पाहिली असावी. त्यांनी आईला बोलावले, तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेतले, आणि काचपट्टीवर त्याचे दोन भाग केले. एकात निळसर रक्तजल घातले, दुसऱ्यात पिवळसर. निळसर थेंब तसाच एकजीव राहिला. पिवळसर थेंबात मात्र दहीभाताची शिते दिसावीत तसे तांबडे कण वेगळे झाले. बी गट. डॉक्टरांनी काचपट्टी चुलत्यांच्या डोळ्यांपुढे धरली आणि सांगितले की प्रत्येक मूल एक अक्षर आईकडून घेते आणि एक बापाकडून. ओ गटाचा बाप देणार ते ओ, म्हणजे खूण नसलेले. ते झाकून राहते. आई देईल ते बी. ते उघड दिसते. ओ बाप आणि बी आई यांना बी गटाची तीन मुले होणे यात नवल काहीच नाही. उलट मूल एबी निघाले असते तर विचार करावा लागला असता. गट अशा रीतीने वारशाने उतरतात हे १९१० मध्ये हिर्शफेल्ड आणि फॉन डुंगेर्न यांनी सिद्ध केले होते. चुलत्यांना ही नावे ठाऊक नव्हती. पण ते उठले, आईपाशी गेले, आणि वहिनी, बसा, असे म्हणून स्वतःची खुर्ची तिला दिली. आमच्या घरात यापेक्षा मोठी क्षमायाचना झालेली मला आठवत नाही.

आबा त्यानंतर सतरा वर्षे जगले. दरवर्षी गुऱ्हाळ सुरू झाले की नव्या गुळाची पहिली ढेप रामदुर्गला जाई, आणि तिकडून ज्वारीच्या कडक भाकरी अन् शेंगांची चटणी येई. आपल्या अंगात त्याचे रक्त आहे असे आबा सर्वांना सांगत. तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवसच जगते, तेव्हा त्याचे रक्त केव्हाच संपले, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. शास्त्राने जोडून दिलेले ते नाते शास्त्र सांगून मोडण्याचे काही कारण नव्हते.

आईला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या गटाची चिठ्ठी तिने मागून घेतली आणि देवघरातील डबीत ठेवली. ती गेल्यावर डबी उघडली तेव्हा कागद पिवळा पडला होता, पण अक्षर वाचता येत होते.

मित्रहो, १४ जून हा लँडस्टायनर यांचा जन्मदिवस जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. पुढल्या शिबिरात तुमच्या हाती ते कार्ड पडेल, तेव्हा त्यावरचे अक्षर क्षणभर नीट पाहा. ते शवागारातून थकून आल्यावर उरलेल्या वेळात लिहिलेले अक्षर आहे. आणि कार्ड खिशात ठेवण्यापूर्वी घरच्या सर्वांचे गट एका कागदावर लिहून ठेवा. पेढीत पिशवी नसेल त्या दिवशी कोणाला हाक मारायची, हे आधीच ठाऊक असलेले बरे.